तेरवीपर्यंतचा शब्द

साहेबांनी मला ‘मनसोबती’ नेमल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा माझा नवरा सुनिल इतका हसला की बशीतला चहा त्याच्या शर्टावर सांडला.

"तू ऐकणार? दुसऱ्याचं?" तो म्हणाला. "अवं, तू तं टीव्हीवरच्या बातमीवाल्यालेही बोलू देत नाई!"

बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मी रीता खोब्रागडे, ब्रह्मपुरीकडच्या जंगलात वनरक्षक. लाकूडचोर माझी काठी पाहून नव्हे, माझं तोंड ऐकून पळतात, असं आमचे वनमजूर मुखरूभाऊ सगळीकडे सांगत सुटतात. पण आमच्याकडे दर उन्हाळ्यात वाघाच्या तावडीत माणसं सापडतात. ती आम्हीच शोधतो, आम्हीच उचलून आणतो, पंचनामा होईपर्यंत आम्हीच शेजारी उभे राहतो. मग घरी जाऊन अंघोळ करायची आणि ताटावर बसायचं. काहींच्या घशाखाली तो घास उतरत नाही. काहींच्या तर पुढचा सगळा उन्हाळा उतरत नाही. अशांसाठी खात्याने आमच्यातलेच काही जण निवडले आणि चंद्रपूरला शिकायला धाडले.

शिकवायला नागपूरहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी तुमची माणसं बोलणार नाहीत. जो तेच ओझं उचलून आलाय त्याच्यापाशी बोलतील." मग त्यांनी नियम सांगितले. शेजारी बसा. ऐका. सल्ला देऊ नका, शाबासकी तर मुळीच देऊ नका. ऐकलेलं कोणापाशी फोडू नका, फक्त कोणाच्या जिवावर बेतत असेल तरच तोंड उघडा. मी मनात म्हटलं, गप्प बसायला शिकवायला एवढा मोठा मांडव कशाला घातला! घरी आले आणि पंधरवड्याच्या आत कुलदीपचं प्रकरण झालं.

कुलदीप पिंपळटोल्याचा. गावात वाघ आला तर धावून जाणारं तरुणांचं एक पथक असतं, त्याचा तो म्होरक्या. खातं त्यांना काठी, शिटी, जाकीट आणि थोडे सुतळी बॉम्ब देतं. बायकांना जंगलातून बाहेर काढायचं, बघ्यांची गर्दी रोखायची आणि आम्हाला फोन करायचा, हे त्यांचं काम. पगार नावापुरता, धोका मात्र पुरेपूर. कुलदीप त्यातला सगळ्यात थंड डोक्याचा. मला तो पोरगा आवडायचा, कारण मी ओरडले तरी तो उलट बोलत नसे, नुसता हसायचा.

मोहाचे दिवस होते. पहाटे फुलं गळतात, म्हणून बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. फूल वेचायला वाकावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. आम्ही घसा फोडून हे सांगतो. बायका माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकतात, कारण फूल काही झाडावरून हातात येत नाही.

त्या दिवशी सकाळी कुलदीपचा फोन आला. "मॅडम, वाघीण आली होती मोहाकडं. बायका काढल्या. बाम फोडले. गेली ती." आवाज अगदी नेहमीचा. मी गाडी काढली, म्हटलं पंजांचे ठसे पाहून येऊ. गावात पोचले तर वेगळाच गलका. म्हातारी गुणाबाई घरात नाही, शेतात नाही, कुठेच नाही.

गुणाबाई म्हणजे कुलदीपची सासू. विधवा बाई, एकुलती एक मुलगी नंदिनी, ती गावातच कुलदीपला दिलेली.

आम्ही शोधत निघालो. नाल्याच्या अलीकडे काही नव्हतं. मुखरूभाऊ म्हणाले, पल्याड पाहू. पल्याडचा मोह गोंडांच्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, पिंपळटोल्याचं कोणी तिकडे जात नाही. आम्ही नाला उतरलो, मी आणि कुलदीप पुढे. आधी टोपली दिसली. अर्धी भरलेली, सरळ उभी, एक फूलसुद्धा सांडलेलं नाही. मग झुडपाच्या बाहेर आलेलं पाऊल दिसलं. कुलदीप खाली बसला, त्याने तिला उताणी केली. गुणाबाईच होती.

तो ओरडला नाही. अंगातलं जाकीट काढून त्याने तिच्यावर घातलं, नीट, थंडी वाजू नये म्हणून घालतात तसं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "ह्या इथी काऊन आल्या?" का आल्या, ते मी काय सांगणार? त्याने मुखरूभाऊंना विचारलं. मागून आलेल्या पोरांना विचारलं. कोणी नव्हतं त्या बाजूला तोंड करूनही विचारलं. "ह्या इथी काऊन आल्या?" दुःखाने माणूस काहीही बडबडतं, असं आम्हाला वाटलं.

प्रेत त्याने उचललं. मुलगा नाही म्हणून अग्नीही जावयानेच दिला.

गावाने आणि साहेबांनी मिळून सगळं जुळवून टाकलं. म्हातारी अंधारात एकटीच गेली असणार, वाघिणीने तिला आधीच मारलं असणार, मग ती अलीकडे आली आणि कुलदीपने बाकीच्या बायका वाचवल्या. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. पुढच्या महिन्यात त्याचा सत्कार करायचं घाटत होतं. त्याच्या तोंडाकडे पाहायची फुरसत मात्र कोणाला झाली नाही.

दोन-तीन दिवसांनी मी त्याच्या घरी गेले, मनसोबती म्हणून. ओसरीत शेजारी बसले. नियमाप्रमाणे गप्प बसले. चहा आला, पिऊन झाला. तो समोरच्या भिंतीकडे पाहत होता. मला ते गप्प बसणं असह्य झालं आणि तोंडातून निघून गेलं, "कुलदीप, बाकीच्या बायका तुह्यामुळं जित्या हायेत, हे विसरू नको."

तो उठला. मला वाटलं पाणी प्यायला चालला. तो चपला घालून सरळ रस्त्याने निघून गेला. मी स्वतःवरच चिडले. एक नियम धड पाळता आला नव्हता.

नंदिनी फाटकापर्यंत आली. तिचे डोळे रडून रडून बारीक झाले होते. हळूच म्हणाली, "बाई, हे अंधारातच उठून जाते. मोह वेचाले जातो म्हणते. टोपली नेते, रिकामी आणते."

"कुठी जाते?"

"नाल्यापल्याड."

 वाघीण अजून त्याच भागात होती. आमच्या कॅमेऱ्यात ती रोज दिसत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मुखरूभाऊंना घेऊन नाला ओलांडला. धुकट उजेड होता. गुणाबाई सापडली त्या झाडाखाली कोणीतरी वाकून बसलं होतं. पाठ झुडपांकडे, मान खाली, हात जमिनीवर. फुलं चहूकडे पडली होती आणि तो एकही उचलत नव्हता. काठी नाही, शिटी नाही. मला आधी काही कळेना. मग कळलं. तो मोह वेचत नव्हता. ‘असं बसू नका’ म्हणून आम्ही वर्षानुवर्षं बायकांवर ओरडतो, अगदी तसा तो मुद्दाम बसला होता. तो वाघिणीची वाट पाहत होता.

मी धावले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अक्कल काढली, बाप काढला, पथकातून हाकलून देईन म्हटलं. तो तसाच बसला. शेवटी मीच त्याच्या पाठीला पाठ लावून खाली बसले. तोंड झुडपांकडे. मुखरूभाऊ थोडं दूर काठी घेऊन उभे राहिले. आणि माझ्या पाठीमागून कुलदीप बोलायला लागला.

"वाघीण आधी अल्याडच होती, मॅडम. पल्याड मीच धाडली."

मी मान वळवली नाही.

"बायका म्हणाल्या, झाडीत काहीतरी हाय. चितळं ओरडून राह्यली होती. मी सगळ्याईले गावाकडं काढलं. सासूबाईचं नावही घेतलं नाई, कारण घरून निघतानाच नंदिनीनं सांगतलं होतं, मायचे गुडघे दुखते, आज येत नाई. मंग मले वाघीण दिसली, बांबूत. आपला नियम हाय ना, वाघाले हाकलाचं तं एक बाजू मोकळी सोडाची. गावाकडं मी उभा. मी इचार केला, नाल्यापल्याड कोणीच नसते. टोल्यावाल्याईचं पंडुम झालं नाई अजून."

पंडुम म्हणजे टोल्यावरच्या माणसांची नव्या मोहाची पूजा. ती झाल्याशिवाय त्यांच्यातलं कोणी खाली पडलेलं फूल उचलत नाही, मग ते वाळून गेलं तरी चालेल. हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी तो भाग रिकामा असणार, हे कुलदीपने धरलं त्यात काही चूक नव्हती. मीही तेच धरलं असतं.

"मी बाम फोडले. ती नाला उतरून पल्याड गेली. मी डोळ्यानं पाह्यली. बरं वाटलं मले. मंग थोड्या वेळानं एक आवाज आला. एकदाच आला. मी म्हणलं, मोर हाय."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचेना. शिबिरातला नियम आठवून मी गप्प बसले असं नाही.  मोर. मी तो आवाज ऐकला नव्हता, तरी त्या दिवसापासून जंगलात मोर ओरडला की मी जागच्या जागी थांबते.

मग मी म्हटलं, "तुले मालूम नव्हतं."

"मोजून बाहेर काढल्या सगळ्या. आपल्याच घरचं माणूस मोजलं नाई," तो म्हणाला. "आणि ती मले रोज ताट वाढते, मॅडम. ज्यानं माय मारली त्याले. तिले सांगू कसं? नका सांगू तुम्ही. शब्द द्या."

मी शब्द दिला. आणि त्याच्याकडूनही मागितला, की इथे पुन्हा यायचं नाही.

त्याने विचार केला. "तेरवीवरी येत नाई," तो म्हणाला. "अग्नी म्या देल्ला, तेरवीही मलेच करा लागते. त्याच्यानंतरचं इचारू नका."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की मी हादरले. रडणाऱ्या माणसाचं मला भय वाटत नाही. त्याने तर दिवस ठरवून टाकला होता.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या, घरच्यांना सावध करा. मी त्याला ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या घेतल्या आणि खिशात ठेवल्या. मुखरूभाऊ रोज पहाटे त्याच्या घरासमोर काहीतरी निमित्त काढून बसू लागले. नंदिनीला मी एवढंच सांगितलं, "ह्याले एकटं सोडू नको, ह्याच्या मनात बरं चाललं नाई." तिने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहिलं नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

तेरवीचा दिवस आला. मी रजा टाकून सकाळीच पोचले. जीपगाड्यांतून पाहुणे उतरत होते, अंगणात मांडव, चुलाण्यावर भाताचं गंज. कुलदीप न्हाऊन, डोकं भादरून, भटजी सांगेल तसं करत होता. मी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का पाहत होते. काहीच दिसत नव्हतं. आजचा दिवस संपला की त्याचा शब्द संपणार, आणि ते त्या गर्दीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

नंदिनी मागच्या अंगणात बायकांमध्ये वडे तळत होती. मला पाहताच तिने झारा दुसरीच्या हातात दिला आणि मला ओढतच गोठ्यात नेलं.

"बाई, हे तुमच्यापाशी बोलले ना? काय बोलले? माह्यावर संशय हाय ह्याईले?"

"कशाचा संशय?"

ती गाईची दावण धरून उभी राहिली. "झोपेतही इचारते. ह्या इथी काऊन आल्या, ह्या इथी काऊन आल्या. मले मालूम हाय, मलेच इचारते."

आणि तिने सांगितलं. गुणाबाई गेली त्याच्या आदल्या दिवशी जेवताना कुलदीप सहज बोलून गेला होता की टोल्यावाल्यांचं पंडुम या वर्षी लांबलं, पल्याड मोहाचा नुसता सडा पडलाय, कोणी हात लावत नाही. नंदिनीने ते ऐकलं आणि आईला जाऊन सांगितलं. अल्याडच्या झाडाखाली बायकांची झोंबाझोंबी, म्हातारीच्या वाट्याला काय येणार? पल्याड जा, उजाडायच्या आत टोपली भर आणि ये. कोणाला सांगू नको, टोल्यावाल्यांनी पाहिलं तर भांडण होईल. नवऱ्याला कळलं तर तो जाऊ देणार नाही, म्हणून सकाळी त्याला खोटं सांगितलं, मायचे गुडघे दुखतात.

"मायचे गुडघे काई दुखत नव्हते, बाई," ती म्हणाली. "मीच धाडली मायले. माह्याच हातानं. ह्याईले नका सांगू. घरातून काढून देतील मले, आणि काढलं तं बरोबरच हाय. शब्द द्या."

मी कोंड्याच्या पोत्यावर बसले. कोणी थोबाडीत मारावी तसं झालं होतं. एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवून, दोघं मनातल्या मनात स्वतःला फाशी देत होती. दोघांनी त्याच एका बाईला मारलं होतं आणि दोघांनीही मारलं नव्हतं. आणि दोन्हीकडची गुपितं माझ्या पदरात. एकाला सांगावं तर दुसऱ्याचं गुपित फुटतं. न सांगावं तर उद्या पहाटे तो त्या झाडाखाली जाऊन वाकणार. मला दोघांचाही असा राग आला की त्यांना कवटाळावं की बदडावं ते समजेना.

मी बाहेर गेले आणि कुलदीपला भटजीसमोरून उठवून आणलं. भटजी बघतच राहिले. "दोन मिनिटाचं काम हाय," मी म्हटलं. गोठ्यात आल्यावर दार लोटून घेतलं.

"नंदिनीले काही सांगाचं हाय," मी म्हटलं. "तू नुसता ऐक. मधात बोललास तं माह्याशी गाठ हाय."

नंदिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला विकलं. "बाई, तुम्ही शब्द देल्ला नाई अजून," ती म्हणाली.

"म्हणून तं मी काईच सांगत नाई. तू सांग. हा झोपेतही इचारते ना, त्याले उत्तर दे."

ती भिंतीला टेकली. मग खाली बसली. खाली मान घालून, जमिनीशी बोलावं तसं तिने सगळं सांगितलं. जेवतानाचं बोलणं, टोपली, गुडघ्याचं खोटं. शेवटी तिने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "तुम्ही वाचवली असती तिले," ती म्हणाली. "सगळ्याईले वाचवलं तसं. मी खोटं बोलली म्हणून राह्यली ती."

कुलदीप उभाच. बाहेर कढईत वडे चुरचुरत होते, कोणीतरी पत्रावळी मोजत होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. कारण आता तो सुटला होता. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. सगळा दोष त्याच्या पायाशी आपणहून येऊन पडला होता, तो तिथेच राहू द्यायचा, वरून तिला माफ करायचं आणि जन्मभर भला माणूस म्हणून मिरवायचं. कोणाला कधी कळलं नसतं. मी तर शब्दाने बांधलेली. देवाशपथ सांगते, मला तेव्हा त्याची भीती वाटली.

तो खाली बसला. तिचं डोकं त्याने दोन्ही हातांनी वर उचललं.

"वाघीण अल्याड होती, नंदिनी," तो म्हणाला. "बाम फोडून पल्याड मीच धाडली. तिथी कोणी नसते म्हणून."

ते समजून घ्यायला वेळ लागला तिला. मला तिच्या चेहऱ्यावर ते एकेक पाऊल चढताना दिसत होतं. मग ती अगदी बारीक आवाजात बोलली.

"मी अंगणात सडा टाकून राह्यली होती. बामाचा आवाज आला. मी हात जोडले. म्हणलं, बरं झालं, हे हायेत तिथी. आता माय नीट घरी येते."

मी शेणाच्या त्या गोठ्यात तोंडात पदर कोंबून रडले. इतकी वर्षं प्रेतं उचलली, एवढी कधी रडले नव्हते.

मग नंदिनीने त्याला मारलं. मुठी वळून छातीवर, खांद्यावर, भादरलेल्या डोक्यावर. तो मागे सरकला नाही. मी मधे पडणार होते, पण पडले नाही. मारता मारता तिचे हात थकले आणि तिने त्याच हातांनी त्याच्या सदऱ्याचा पुढचा भाग धरून ठेवला, सोडेना. तो हमसून हमसून रडायला लागला. गुणाबाई गेल्यापासून तो पहिल्यांदा रडत होता, तेही मोठ्याने, लहान पोरासारखं. बाहेरचं बोलणं बंद झालं. पाहुण्यांना वाटलं असेल, जावयाचा सासूवर किती जीव होता. तो होताच.

दारावर कोणीतरी टकटक केलं. "नंदिनी, पंगत बसाची हाय वं."

नंदिनीने पदराने आधी स्वतःचं, मग त्याचं तोंड पुसलं. "चला," ती म्हणाली. "लोकं उपाशी हायेत."

तिने त्याला माफ केलं का, मला ठाऊक नाही. त्याने तिला केलं का, तेही नाही. मी विचारलं नाही. पंगतीत ती भात वाढत होती आणि तो तिच्या मागून वरण वाढत येत होता. दोघांचे डोळे लाल. माझ्या पत्रावळीपाशी आल्यावर नंदिनीने नको नको म्हणताना आणखी एक डाव भात टाकला. माझ्या घशाखाली काही उतरलं नाही.

पण शब्द तेरवीपर्यंतचाच होता, आणि तो संपला होता. गोठ्यात रडला म्हणून माणूस पहाटे उठणार नाही, याची हमी कोण देणार? दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आणि मुखरूभाऊ पुन्हा नाला ओलांडत होतो. मी मनातल्या मनात सगळे संतमहंत, बुद्ध, बाबासाहेब, झाडून सगळ्यांना साकडं घालत होते. एरवी मी कोणापुढे हात पसरणारी बाई नाही.

झाडाखाली कोणीतरी वाकलेलं होतं.

  मुखरूभाऊंनी शिटी फुंकली, आणि ती आकृती कंबरेवर हात देऊन सरळ झाली. टोल्यावरची एक म्हातारी होती. पलीकडे तिच्या सुना, लेकी, काठी घेतलेला एक गडी. त्यांचं पंडुम आटोपलं होतं, ती माणसं मोह वेचत होती. मी तिथेच खाली बसले. म्हातारी जवळ आली, गोंडीत काहीतरी म्हणाली आणि माझ्या हातावर पाण्याची बाटली ठेवली. मी ती एका दमात रिकामी केली.

तेवढ्यात फोन वाजला. नंदिनीचं नाव दिसलं आणि मला तो उचलवेना. मुखरूभाऊंनीच माझ्या कानाला लावला.

"बाई," नंदिनी कुजबुजत होती, "चांगलं उजाडलं तरी हे उठले नाईत. श्वास नीट चालू हाये, मी दोनदा पाह्यलं. अशे तं कधीच झोपत नाई हे. उठवू का?"

"नको," मी म्हटलं.  "झोपू दे वं त्याले. झोपू दे."